चार कोपरे कापलेलं दिवाळीचं कार्ड

सुरतेत आमच्या गल्लीत दिवाळीचं कार्ड सजवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच हातानं मी एका कार्डात चार माणसं मारली, आणि त्यातला एक मी स्वतः.

शाळेचं म्हणाल तर मी शाळेच्या मागच्या भिंतीला पाठ लावून शेळ्या राखल्या. आतून पाढे ऐकू यायचे. मला काही आले नाहीत, एखाद्या शेळीला आले असतील तर माहीत नाही. हे सुद्धा मी बोलतोय आणि सून लिहितेय. ती मधेच हसते, मधेच लिहायची थांबते आणि माझ्याकडे बघत बसते.

आम्ही एका गावचे चौघं सुरतेत एका खोलीत राहायचो. गाव खानदेशात, तापीच्या काठाला. तीच तापी पुढं सुरतेत येते, म्हणून आम्ही म्हणायचो, आपण पाण्यासारखे उताराला लागलो. चौघात एक म्हातारा होता, त्याला सगळे बाबा म्हणायचे. एक पैलवान होता, पण फक्त जेवणात. एक दहावी नापास होता. नापास झाला तरी दहावीपर्यंत पोचला होता, म्हणून त्याचा मान. त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. आणि चौथा मी. चौघंही लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर. दिवसभर ती खडखड कानात, म्हणून आमच्यात कुणी हळू बोलायचंच नाही. खोलीत मीठ मागितलं तरी शेजारच्याला वाटायचं भांडण लागलं.

दिवाळी जवळ आली की मास्तर सगळ्या गल्लीची पत्रं लिहायचा आणि सजावट माझी. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापायचा, त्याच्यावर कांजीनं जरीचे तुकडे चिकटवायचे. दिवा, फुलं, मोर काढायचा. माझा मोर कोंबडीसारखा यायचा, पण जरीत सगळं खपतं. लाल-पिवळा रंग एक ओळखीचा माणूस पलसाण्याच्या रंगखात्यातून पुडीत बांधून आणायचा. शिवाय मला पोस्टाच्या तिकिटाचा नाद होता. दिवाळीच्या कार्डाला दिव्याचंच तिकीट पाहिजे असा माझा हट्ट. खिडकीवरचा गुजराती बाबू दरवर्षी तेच सांगायचा, "दीवावाळी नथी. ट्रॅक्टरवाळी छे. लेवी होय तो ले." मग मी ट्रॅक्टरचं तिकीट चिकटवून भोवती बारीक बारीक दिवे काढायचो. ट्रॅक्टर दिवाळीला सासुरवाडीला चाललाय असं वाटायचं.

आता एक गोष्ट नव्या पोरांना माहीत नसेल ती सांगतो. आमच्याकडं ज्याला वाचता येत नाही त्यालासुद्धा पत्र कळायचं. कोपऱ्यांना हळदकुंकू असलं की आत लग्न, बारसं, काहीतरी चांगलं. कार्डाचा कोपरा फाडलेला असला की माणूस गेला. तसलं कार्ड घरात नेत नाहीत. दाराबाहेरच वाचायचं, फाडायचं, अंघोळ करायची. मला अक्षर येत नव्हतं, पण कोपरा येत होता. म्हणूनच जे झालं त्याबद्दल बोलायला मला तोंड नाही.

ज्या वर्षी सुरतेत प्लेग आला, तेव्हाची ही गोष्ट. एका सकाळी लूम बंद पडले. तुम्हाला काय सांगू, ती खडखड गेली तर आम्हाला आमचेच आवाज भुतासारखे वाटायला लागले. लोक तोंडाला रुमाल बांधून, डोक्यावर पेट्या घेऊन स्टेशनाकडं पळत होते. गल्लीत पांढरी पावडर मारली होती, गटाराच्या कडेनं, दारापुढं. लांबून रांगोळीच काढलीय असं वाटायचं. कुणाच्या तरी दारी दिवाळी लवकर आली आणि घरात माणूसच नाही, असं.

आम्ही पण गठुडी बांधली होती. बाबा आडवा झाला दारात. "आपल्या अंगात काय शे, आपल्याले मालूम नही. लेकराबाळाच्या गावात हा रोग घेऊन जायचा का? मी जाणार नाही. तुम्हाला जायचं तर माझ्या अंगावरून जा." पैलवान अंगावरून जायला तयार होता, पण आम्ही राहिलो.

गावाला काळजी असणारच. त्यात मास्तरची आई एकटी. नवरा नाही, दुसरं लेकरू नाही. सुरतेहून मास्तरचं पत्र आलं की ती ते तळहातावर ठेवून गावभर फिरायची, ज्याला वाचता येतं त्याच्याकडून वाचून घ्यायची, मग दुसऱ्याकडून. पहिल्यानं खोटं वाचलं असेल तर, म्हणून. मास्तर म्हणाला, "आईला कळवायला पाहिजे आपण जिवंत आहोत." मी म्हटलं, "नुसतं कळवायचं कशाला, दिवाळी आलीय, सजवून कळवू." कागद-पुठ्ठा मिळत नव्हता, दुकानं बंद. खोलीत एक मोठा पुठ्ठा होता. चौघांचं मिळून एकच कार्ड करायचं ठरलं, मास्तरच्या आईच्या पत्त्यावर. ती गावभर फिरवणारच होती.

मी दिवा काढला. असा दिवा मी आयुष्यात काढला नाही. ज्योतीला जर लावली. खाली मास्तरनं लिहिलं, आम्ही चौघं सुखरूप आहोत, जेवण वेळेवर होतं, काळजी करू नये, वाट मोकळी झाली की येतो. लिहिताना तो मोठ्यानं बोलत होता, म्हणून मला पाठ झालं. मग म्हणाला, "चारी कोपऱ्यांना कुंकू लाव. आईला लांबूनच कळेल चांगलं आहे." आणि तो पाण्याच्या लायनीला उभा राहायला गेला.

चार बाप्यांच्या खोलीत कुंकू कुठलं? मी पलसाण्याचा लाल रंग काढला. बोट बुडवलं, लावलं. तो कपड्याचा रंग, पुठ्ठ्यानं असा प्याला की थांबेच ना. चारी कोपरे भिजून लाल झाले. कुंकू राहिलं बाजूला, कुणीतरी रक्तानं भरलेल्या हातानं कार्ड धरलंय असं दिसायला लागलं. माझ्या एवढ्या भारी दिव्याची शोभा गेली. लाल रंग दिव्याकडं सरकत होता. मी लूमवरची बारीक कातर घेतली आणि चारी कोपरे तिरके कापून टाकले, कचकच. वर ते बघून मलाच बरं वाटलं. शेठलोकांच्या लग्नाची कार्डं अशीच कोपरे कापलेली असतात, म्हटलं. आणि सगळ्यात मोठी अक्कल ऐका. मी म्हटलं, मरणाच्या कार्डाचा कोपरा हातानं फाडतात आणि एकच फाडतात. आपण कातरीनं कापले आणि चारही कापले, म्हणजे शुभच की!

मास्तर यायच्या आत मी पोस्टात टाकून पण आलो. तिकीट कोपऱ्याच्या जरा खाली चिकटवलं, ट्रॅक्टरचंच. कापलेले चार तुकडे डबीत टाकले. लाल रंग होता, पुढच्या साली फुलाला येईल म्हणून.

पुढचं आम्हाला गावात गेल्यावर कळलं.

टपालवाल्यानं कार्ड वेशीवर आणलं, चिमट्यात धरून. सुरतेचं कार्ड, हात कोण लावणार? कागदाला प्लेग चिकटून येतो असं बोललं जात होतं. त्यानं ते खाली टाकलं आणि लोकांनी लांबूनच बघितलं. चार कोपरे नाहीत. सुरतेत गावची माणसं किती? चार. एक जाणता म्हणाला, "वाचाचं काय राह्यनं आते?" आणि काडी लावली.

मास्तरची आई तेवढ्यात पोचली. ती म्हणत होती वाचा, कुणीतरी वाचा, लांबून वाचा. कुणी वाकलं नाही. मग तिनं जळत्यात हात घातला. अर्धं कार्ड तिच्या हातात आलं, अर्धं गेलं. लोक तिच्यापासून पण लांब झाले. आठ दिवस तिच्या दारात कुणी गेलं नाही. हाताचे फोड तिचे तिनंच बघितले.

दर्भाचे चार पुतळे करून जाळले. दहावा केला. माझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला म्हणे, भाताचा वाफारासुद्धा गेला नव्हता. जिवंतपणी मला एवढा समाधानी कुणी समजलं नव्हतं. बाबाच्या आणि पैलवानाच्या पिंडाला पण शिवला. मास्तरच्या पिंडाला शिवेना. दुपार झाली. आई बसून राहिली, जे जे वचन सुचेल ते देत राहिली. कावळा झाडावर बसून बघत होता. शेवटी लोकांनी दर्भाचा कावळा करून लावला आणि घरी गेले.

दिवाळी झाल्यावर वाट मोकळी झाली आणि आम्ही चौघं दिवसाढवळ्या गावात शिरलो. मी पुढं. माझ्या मनात काय, तर लोक विचारतील कार्ड कुणी बनवलं. पहिली बाई दिसली ती घागर टाकून पळाली. मग दारं लागत गेली, एकामागं एक, आमच्या चालीनं. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. आमच्या दारात माझा भाऊ उभा होता, डोकं सफाचट. मला वाटलं आई गेली. मी विचारलं, "कोण रे?" तो म्हणाला, "तू." मग गळ्यात पडून रडला, आणि डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "एवढे केस गेले रे फुकट."

ज्याचे दिवस घातले तो परत आला तर त्याला नव्यानं जन्माला घालावं लागतं, असं भटजी म्हणाले. म्हणून आम्हा मिशीवाल्यांचं बारसं झालं. पाळण्यात नुसते पाय ठेवायचे आणि बायांनी झोका द्यायचा. पैलवानानं पाय ठेवले तर पाळण्याची दोरी तुटली. गाव हसलं. नावं तीच ठेवली, दुसरी कुणाला सुचली नाहीत. त्या हसण्यात कुणीतरी विचारलं, "पण कोपरे कापले कोणी?" मास्तरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "टपालात फाटले असतील." आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, त्यावर लोक हसायचे. ही एकच थाप अशी की लोकांनी खरी धरली.

मास्तरची आई बारशाला आली नाही. मास्तर घरी गेला तेव्हा ती म्हणाली, "पाय दखाड." त्यानं पाय दाखवले, सरळ होते. तरी ती म्हणाली, "तू मना पोऱ्या नही. मना पोऱ्या गया. कार्ड उनं व्हतं." तिचा हिशेब साधा होता. कार्ड आलं म्हणजे माणूस गेला. कावळा शिवला नाही म्हणजे जीव अडकलेला. अडकलेला जीव दारात येणारच. ती त्याला घालवत नव्हती, उलट मायेनं वागायची, पण ती माया मेलेल्यावरची. ओट्यावर पत्रावळीत वाढायची आणि तोंड फिरवून आत जायची. पित्रांना वाढतात तसं. त्यानं खाल्लं की नाही ते बघायची नाही. नावानं हाक मारायची नाही, म्हणायची नाव घेतलं तर त्याला जाता येणार नाही.

मास्तर परत सुरतेला आलाच नाही. तिच्या ओट्यावर बसून राहिला.

आम्ही तिघं आलो. लूम परत सुरू झाले. खोलीत मास्तरची जागा रिकामी, आणि फळीवर माझी डबी. उघडली तर चार लाल तुकडे. टाकायला गेलो तर टाकवेनात. कचऱ्यात टाकायचे? चुलीत घालायचे? एकदा जाळून झालं होतं. तापीत सोडायला पुलावर गेलो. तिथं उभं राहिल्यावर वाटलं, ही तर अस्थी सोडायची रीत झाली. परत आणले. पुढच्या पावसात बाबा तापानं गेला, गावाला जाऊन, घरच्यांच्या हातात. म्हातारा माणूस, जायचाच. पण गावात लोक म्हणाले, एक कोपरा खरा झाला. पैलवानानं ते ऐकलं आणि त्याचं जेवण निम्म्यावर आलं. मी लूमवर उभा राहिलो की मला वाटायचं माझ्या मागं कुणीतरी मोजतंय. कार्डं सजवणं मी सोडलं. गल्लीतले म्हणायचे, "काय भाई, मोर मेला का?" मी म्हणायचो, "मोर नव्हताच तो, कोंबडी होती." ते हसायचे. मी एकटा असलो की डबी उघडून बघायचो, चार आहेत ना. का बघायचो, मला माहीत नाही.

पुढच्या दिवाळीला मी गावाला गेलो नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीला डबी खिशात घालून गेलो.

मास्तर ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली. दोन वर्षं कुणी तुम्हाला मेलेला समजून वागवलं की तुम्ही पण हळू हळू बोलायला लागता. तो आता इतकं हळू बोलायचा की मला वाकून ऐकावं लागलं. "आत जा," म्हणाला. "मला नेत नाही ती आत."

आई चुलीपाशी होती. तिचा उजवा हात मुठीसारखा आखडला होता. मी बसलो. काय बोलायचं ते बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं, सगळं विसरलो. म्हटलं, "मावशी, ते कार्ड आहे का?"

तिनं डब्यामागून फडक्यात बांधलेलं काढलं. डावी बाजू राहिली होती, कडेला काळी. माझा दिवा अर्धा, ज्योत पूर्ण. जर अजून चमकत होती. मागं ट्रॅक्टर होता, त्याचे दिवे पण होते.

"वाच," ती म्हणाली. "ह्या गावमा कोनी वाचं नही. भाईर बसेल शे तो वाचस म्हने, पन त्याले मी कशी देऊ? तू वाच."

आता मी म्हणायला पाहिजे होतं, मला येत नाही. पण तिच्या डोळ्यात बघितलं आणि मी कार्ड हातात घेऊन म्हणायला लागलो. आम्ही चौघं सुखरूप आहोत. जेवण वेळेवर होतं. मला पाठच होतं ना. काळजी करू नये.

"थांब," ती म्हणाली. "दिवा उलटा धरेल शे."

मी बघितलं. ज्योत खाली होती.

मला हसता आलं नाही. मी खिशातून डबी काढली आणि चारी तुकडे तिच्यापुढं फरशीवर ठेवले. म्हटलं, "मावशी, टपालात फाटलं नाही. मी कापले. ह्या हातानं. मास्तर म्हणाला होता कोपऱ्यांना कुंकू लाव. कुंकू नव्हतं, मी रंग लावला. पसरला. माझा दिवा खराब होईल म्हणून कापले. त्याला माहीत नव्हतं."

तिनं डाव्या हातानं एक तुकडा उचलला, वरच्या कोपऱ्याला लावला. बसला नाही. दुसरा लावला. तो बसला, कातरीच्या दातासकट. मग खालचा बसला. ती बोट त्या सांध्यावरून फिरवत राहिली, जशी जखम भरलीय का बघतात. लाल रंग पुठ्ठ्यात आत आत गेलेला होता, कार्डातल्या अगदी बारीक लाल कडेला जाऊन मिळत होता. राहिलेल्या दोन तुकड्यांना जागा नव्हती, ती बाजू वेशीवर जळाली. ते दोन तिनं मला परत दिले. ते अजून माझ्याकडं आहेत, आणि पैलवान भेटला की आम्ही दोघं त्यांच्याबद्दल बोलत नाही.

"कुंकूच व्हतं," ती म्हणाली. मला नाही, चुलीला.

मग ती उठली आणि दारात गेली. मास्तरला तिनं नावानं हाक मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तो ओट्यावर होता तसाच बसला, त्याला वाटलं दुसऱ्या कुणाला मारली. तिनं परत मारली, या वेळी शिवी देऊन. तो आत आला, उंबऱ्यावर पाय अडखळला. तिनं कार्ड त्याच्या हातात दिलं आणि चुलीपाशी बसली. तो अर्ध्या ओळी वाचायला लागला, आम्ही चौघं, जेवण, काळजी, वाट. पुढचं जळालेलं तो तोंडानं भरत होता. हळू बोलत होता, तर ती म्हणाली, "मोठ्यानं वाच ना, मुका शे का?" त्यानं परत पहिल्यापासून वाचलं, आणि मग तिच्या सांगण्यावरून तिसऱ्यांदा.

मी गपचूप डबी खिशात घालून उठायला लागलो. तिनं माझ्याकडं बघितलं, खालून वरपर्यंत.

"तुले लिखता येत नही, वाचता येत नही. तुना हातमा कातर कोनी दिधी रे?"